परदेशीं नांदावयास गेलेली सून

(आपल्या धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंब-मेळाव्यांत झालेलें भाषण)



अमृतमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली, तेव्हां विषय शोधण्यास फार दूर जावें लागलें नाहीं. स्मरणिकेच्या कामासाठीं आम्ही आपल्या देवळांतील विवाहाची जुनी नोंदवही चाळीत होतों. पहिल्या पानांवरील वधू कोठून निघाल्या आणि कोठें गेल्या हें पाहिलें, तर निर्मळची मुलगी भुईगांवास, फार झालें तर आगाशीची पापडीस, एवढाच तो प्रवास. सकाळीं गाडी जुंपली कीं दुपारच्या जेवणापूर्वीं सासर येई. वारा अनुकूल असला तर माहेरच्या देवळाची घंटा सासरच्या ओट्यावर ऐकूं यावी. शेवटच्या पानांवर मात्र वराच्या पत्त्याच्या रकान्यांत दुबई, मस्कत, मेलबोर्न, टोरांटो अशीं नांवें दिसूं लागतात.

मुलगी परदेशीं दिली म्हणजे आपण विमानतळावर तिला निरोप देतों, डोळे पुसतों आणि घरीं येऊन म्हणतों कीं पोरीचें कल्याण झालें. तिचें खरें काम विमान उतरल्यावर सुरू होतें, आणि त्या कामीं तिला साह्य करणारें एकच माणूस तेथें असतें, तें म्हणजे तिचा नवरा. आजचें आमचें बोलणें मुख्यत्वें त्या नवऱ्याविषयीं आणि त्याच्या आईबापांविषयीं आहे. आम्हीही त्यांतलेच आहोंत, म्हणून कोणीं राग मानूं नये.

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायांत रिबेकेची कथा आहे. अब्राहामाचा सेवक इसहाकासाठीं वधू शोधावयास दूर देशीं गेला. मुलगी पसंत पडली, अलंकार दिले गेले, भाऊ राजी झाला. तरी निघण्यापूर्वीं घरच्यांनीं मुलीस बोलावून विचारलें कीं या मनुष्याबरोबर जाण्यास तूं तयार आहेस काय. तिनें होकार दिला, तेव्हांच उंट निघाले. आणि ती एकटी निघाली नाहीं. तिची दाई तिच्यासमवेत गेली. त्या दाईचें नांव दबोरा. पुढें पस्तिसाव्या अध्यायांत तिच्या मरणाची नोंद आहे, म्हणजे माहेरचें एक माणूस वर्षानुवर्षें रिबेकेजवळ होतें. आपण आपल्या मुलींबरोबर काय पाठवितों? लोणच्याची बरणी, सुकेळीं, मसाल्याच्या पुड्या, आणि तेवीस तेवीस किलोंच्या दोन बॅगा. दाई पाठवितां येत नाहीं हें खरें. पण दाईचें काम कोणीं तरी करावेंच लागतें, आणि तें कसें करूं नये हें आम्ही आमच्याच घरीं शिकलों.

आमचा थोरला मुलगा कॅनडांत, ऑन्टारिओ प्रांतांतील ब्रॅम्प्टन शहरीं असतो. २०१५ सालीं त्याचा विवाह याच वेदीसमोर झाला. सून बोरिवलीस एका कचेरींत हिशेबनीस होती. रोज सकाळीं विरार लोकलच्या बायकांच्या डब्यांत शिरणारी. ती गाडी ज्यानें पाहिली आहे त्यास तिच्या धैर्याविषयीं अधिक सांगणें नको. कागदपत्रें होण्यास दीड वर्ष गेलें, आणि २०१६ च्या ऑक्टोबरांत ती तिकडे पोहोंचली. डिसेंबरांत आम्ही उभयतां तिला पाहावयास गेलों.

त्या प्रदेशांत डिसेंबर महिन्यांत पांच वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो. मुलगा सकाळीं सहाला कामावर जाई तेव्हां अंधार, सायंकाळीं सातला येई तेव्हां अंधार. मधल्या वेळीं सून खिडकीशीं बसे. बँकेचें खातें त्याचें, घरभाड्याचा करार त्याच्या नांवाचा, फोनची जोडणी त्याच्या नांवाची. वाणसामान शनिवारीं तो मोटारींतून आणी. तिला तो एकटीला बाहेर पडूं देत नसे. रस्ता निसरडा आहे, थंडी सोसणार नाहीं, तूं वाट चुकशील, असें त्याचें म्हणणें. हें सर्व तो प्रेमानें करी, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. आम्ही तर इकडून दर रविवारीं फोनवर त्याची पाठ थोपटीत होतों, कीं बाबा रे, तिला जप, एकटीला कोठें पाठवूं नकोस. विरार लोकलमध्यें चढणाऱ्या मुलीविषयीं आम्ही हें बोलत होतों, हें तेव्हां आमच्या ध्यानांतही आलें नाहीं.

जानेवारींतल्या एका रात्रीं मोटारीवरचें बर्फ काढतांना मुलाचा पाय घसरला, डोकें आपटलें आणि तो निपचित पडला. सुनेनें धीर धरून ९११ हा क्रमांक फिरविला. पलीकडच्या बाईनें पहिला प्रश्न विचारला तो पत्त्याचा. सुनेला इंग्रजी उत्तम येत होतें. पत्ता येत नव्हता. घराचा क्रमांक दारावर होता, तो तिनें वाचला, पण रस्त्याचें नांव तिला सांगतां येईना, आणि आम्ही दोघें म्हातारीं तर काय सांगणार! शेवटीं कोपऱ्यावरची पाटी वाचण्यास ती घरांतल्या सपाता घालून बर्फांतून धांवली. देवाची कृपा, रुग्णवाहिका वेळेवर आली आणि मुलगा चार दिवसांनीं घरीं परतला. परंतु ती रात्र आमच्या मनांतून जात नाहीं. तीन महिने ती त्या घरांत राहत होती. पत्ता लागावा असा एकही प्रसंग तिच्यावर आम्हीं येऊं दिला नव्हता. प्रत्येक अर्ज नवऱ्यानें भरला, तिनें फक्त सही केली.

पुढें पंधरा दिवस मुलास मोटार चालविण्याची मनाई होती, म्हणून सर्व कामें तिच्याकडे आलीं. पहिल्या दिवशीं ती उलट दिशेच्या बसमध्यें बसली आणि दीड तास उशिरा परत आली. आम्ही दाराशीं देवाचा धांवा करीत उभे, आणि ती दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेऊन हंसत आली. बोरिवलीच्या कचेरींत जाणारी मुलगी आम्हांस त्या दिवशीं पुन्हां दिसली.

तेव्हां बंधूंनो, जो तरुण आपल्या पत्नीस परदेशीं नेणार आहे त्यास आमचें सांगणें असें, कीं तूं तिच्यासाठीं काय काय करतोस तें मोजूं नकोस. तुझ्यावांचून तिला काय काय करतां येतें तें मोज. पहिल्याच आठवड्यांत तिचें स्वतःचें बँकेचें खातें उघडावें. कॅनडांत काम करणाऱ्या प्रत्येकास नऊ आंकडी सामाजिक विमा क्रमांक लागतो. तो तिचा तिनें जपावा, नवऱ्याच्या पाकिटांत ठेवूं नये. आरोग्यपत्राचा अर्ज तिनें स्वतः जाऊन करावा. आमची सून गेली तेव्हां ऑन्टारिओंत त्यासाठीं तीन महिने थांबावें लागे. २०२० पासून ती अट राहिली नाहीं. सार्वजनिक वाचनालयाचें पत्र तर तेथील रहिवाशांस मोफत मिळतें, आणि हिवाळ्यांत पैसे न देतां ऊबेंत बसण्याची याहून चांगली जागा आम्हीं त्या शहरांत पाहिली नाहीं.

भाषेविषयीं थोडें अधिक बोलावयास हवें. नव्यानें आलेल्या कायम रहिवाशांसाठीं तेथें सरकारच्या खर्चानें इंग्रजीचे वर्ग चालतात. त्यांस ‘लिंक’ म्हणतात, आणि ते १९९२ पासून चालू आहेत. सुनेनें प्रथम नाक मुरडलें. मी पदवीधर, मला कशाला इंग्रजीची शाळा, असें ती म्हणाली. पण तेथें शब्दांपेक्षां रीत शिकावयास मिळाली. घरमालकाकडे तक्रार कशी करावी, नोकरीच्या मुलाखतींत स्वतःविषयीं संकोच न करतां कसें बोलावें, वैद्यानें सांगितलेलें समजलें नाहीं तर पुन्हां कसें विचारावें. आणि सीरियाहून, फिलिपाइन्सहून आलेल्या तिच्यासारख्याच सुना तेथें तिला भेटल्या. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे जपानांत गेले ते प्रथम जेझुइट धर्मगुरूंबरोबर धर्मशिक्षक म्हणून. त्यांनीं ती भाषा अशी आत्मसात केली कीं १५९३ सालीं फ्रान्सिस्कन धर्मगुरु मनिलाहून जपानांत गेले तेव्हां दुभाषी म्हणून तेच बरोबर होते. नागासाकी येथें १५९७ सालीं त्यांना क्रुसावर मरण आलें, हें आपण सर्व जाणतों. लोकांच्या भाषेंत शिरण्यासाठीं त्यांनीं त्यापूर्वीं वर्षानुवर्षें केलेल्या श्रमांविषयीं आपल्या सणाच्या प्रवचनांत फारसें ऐकूं येत नाहीं.

आतां एक कटु गोष्ट. विवाहाच्या बोलणींत ती काढणें अभद्र वाटतें, म्हणूनच आम्ही ती येथें काढतों. आपल्या शेजारच्या एका वाडीची मुलगी अशीच परदेशीं गेली. तिचा पासपोर्ट वर्षभर सासूच्या कपाटांत कुलूपबंद होता, आणि शब्दाला शब्द वाढला कीं तुला परत पाठवूं अशी धमकी ठरलेली. मुलीस वाटे कीं हें त्यांच्या हातांत आहे. कॅनडापुरतें सांगावयाचें तर तें नवऱ्याच्या हातांत नाहीं. पत्नीस बोलावून घेणारा नवरा सरकारला तीन वर्षांच्या पोषणाची हमी लिहून देतो, आणि संसार मोडला तरी ती हमी सुटत नाहीं. २०१२ च्या ऑक्टोबरांत तेथें असा नियम आला होता, कीं नव्या जोडप्यानें दोन वर्षें एकत्र राहिल्यावांचून पत्नीचा रहिवास पक्का होणार नाहीं. छळ होत असेल तर त्यांतून सूट होती, तरी भीतीनें गप्प बसणाऱ्या बायका होत्याच. २०१७ च्या एप्रिलांत तो नियम काढून टाकण्यांत आला. कायम रहिवासाचा हक्क मिळाला म्हणजे तो तिचा. नवरा रागावला म्हणून तो जात नाहीं. आखाती देशांत गोष्ट निराळी आहे. तेथें पत्नीचा रहिवास बहुधा नवऱ्याच्या नोकरीस बांधलेला असतो, म्हणून तिकडे मुलगी देणाऱ्यानें चौकशी दुप्पट करावी.

नोकरीचें थोडक्यांत सांगतों. परिचारिका आणि शिक्षिका यांना प्रांताच्या नोंदणी-मंडळाची मान्यता मिळाल्यावांचून तो व्यवसाय करतां येत नाहीं, आणि त्यास वेळ लागतो. विद्यापीठाचीं अधिकृत गुणपत्रकें निघण्यापूर्वींच मिळविलेलीं बरीं. सातासमुद्रांपलीकडून विद्यापीठाच्या खिडकीशीं भांडतां येत नाहीं. आमच्या सुनेनें पहिलें वर्ष एका गुदामांत खोकीं भरलीं. येथें कांहीं नातलग हंसले. पहिला पगार तिनें स्वतःच्या खात्यांत ठेवला आणि मोटार चालविण्याच्या शिकवणीवर खर्च केला. हें आम्हांस तेव्हां आवडलें नाहीं, आतां आवडतें.

पोप बारावे पायस यांनीं १९५२ सालीं स्थलांतरितांविषयीं जें आज्ञापत्र काढलें, त्याच्या आरंभींच मिसर देशांत परागंदा झालेलें पवित्र कुटुंब सर्व स्थलांतरितांचा आदर्श म्हणून पुढें ठेविलें आहे. त्या परक्या गांवीं पवित्र मरिया पाणी कोठून आणी, शेजारणीशीं कोणत्या भाषेंत बोले, संत योसेफ कामावर गेल्यावर दिवस कसा घालवी, हें शुभवर्तमानकारानें लिहून ठेविलें नाहीं. आम्हांस मात्र हल्लीं जपमाळ करतांना तेंच आठवत राहतें.

धर्मग्रामाचा आधार दूर देशींही असतो, पण तो मागावा लागतो. येथें आपलें कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या फादरांना ठाऊक असतें. तेथें रविवारच्या मिस्सेस शेंकडों लोक येतात, आणि नवी मुलगी मागच्या बांकावर बसून तशीच घरीं गेली तर कोणास कळतही नाहीं. म्हणून पहिल्या रविवारींच मिस्सा संपल्यावर दोघांनीं जाऊन नांव नोंदवावें, आणि तें नवऱ्याच्या नांवाखालीं ‘व पत्नी’ असें नव्हे. गायनमंडळांत असेल तर तिकडेही गावें. सूर बसावयास इंग्रजी लागत नाहीं. ऑन्टारिओंत कॅथलिक शाळा सरकारी खर्चानें चालतात. १८६७ च्या राज्यघटनेनें तो हक्क राखलेला आहे. तेथें प्रवेशासाठीं बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, तेव्हां स्वतःचा दाखला आणि विवाहाचा दाखला बॅगेंत लोणच्याच्या आधीं ठेवावा.

आयांनाही एक विनंती आहे. हिवाळ्यांत टोरांटोचें घड्याळ आपल्या साडेदहा तास मागें असतें. इकडे सायंकाळीं सातला क्रुसापाशीं प्रार्थना चालते, तेव्हां तिकडे सकाळचे साडेआठ वाजतात. त्या वेळीं फोनवर मुलीस प्रार्थनेंत घेणें फार गोड आहे. आमच्या आळींत तसें होतें. परंतु प्रार्थनेनंतर दोन तास चित्र दिसणाऱ्या फोनवर भाजी निवडणें, शेजारणींचीं भांडणें, लग्नाचीं लुगडीं हें सर्व दाखवीत बसलें, तर मुलगी देहानें ब्रॅम्प्टनला आणि मनानें आपल्या ओट्यावर राहते. तिकडचा सकाळचा सर्व उजेड त्यांत जातो. ती रडली तर ऐकावें. लगेच परत ये म्हणूं नये, आणि सहन कर असें तर मुळींच म्हणूं नये. आधीं विचारावें कीं आज घराबाहेर पडलीस काय, आणि कोणाशीं बोललीस.

नाताळानंतर आपल्यांतल्या ज्या मुली तिकडे जाणार आहेत त्यांनीं दाखल्यांसाठीं धर्मग्रामाच्या कचेरींत आतांच अर्ज द्यावे. सणाच्या दिवसांत तेथें गर्दी होते. आमच्या सुनेनें आपला फोन नंबर अशा मुलींना देण्यास संमति दिली आहे, आणि तो सभा संपल्यावर आमच्याकडे मिळेल. तिनें एकच अट घातली आहे. फोन मुलीनें स्वतः करावा. नवऱ्यानें किंवा सासऱ्यानें केलेला ती उचलणार नाहीं.