भुईमुगाची कुंडली

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. हजारो वर्षांपूर्वी तिथे दोन रानटी जातींचा संकर झाला आणि दोघांची वीस-वीस गुणसूत्रे एका झाडात आली. हे दोन्ही संच इतके सारखे, की त्यांचे वाचन करणे म्हणजे जवळजवळ एकाच मजकुराच्या दोन पोथ्यांची मिसळलेली पाने पुन्हा लावणे!

म्हणून शास्त्रज्ञांनी आधी त्या रानटी जातीच वाचल्या. काम एका देशाच्या आवाक्यातले नव्हते. अमेरिका, चीन, ब्राझील, भारत अशा देशांतील संस्था एकत्र आल्या. हैदराबादजवळची ‘इक्रिसॅट’ही त्यांत होती. २०१४ मध्ये ही माहिती सर्वांसाठी खुली झाली. लागवडीच्या भुईमुगाचे वाचन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

शेतकऱ्याला याचा उपयोग काय? टिक्का, तांबेरा यांना दाद न देणारे झाड निवडायला पूर्वी शेतात रोग पडण्याची वाट पाहावी लागे. आता कोवळ्या पानातली जनुकीय खूण तपासून अशी रोपे आधीच हेरता येतात. अशाच खुणांच्या आधारे ‘इक्रिसॅट’ आणि जुनागढचे भुईमूग संशोधन केंद्र यांनी ‘गिरनार-४’ व ‘गिरनार-५’ हे वाण तयार केले. त्यांच्या तेलात सुमारे ८० टक्के ओलेइक आम्ल असते. त्यामुळे दाणे लवकर खवट होत नाहीत.

मात्र भुईमुगाला बियाणे भरपूर लागते आणि ते एका हंगामात थोड्याच पटीने वाढते. खुली माहिती प्रयोगशाळेत क्षणात पोचते. बियाणे बांधावर पोचायला वर्षे लागतात. आता गाठायचा आहे तो हा टप्पा.