कौलातल्या पाकोळ्या



कौलाखाली पाकोळ्या, म्हणजे लहान वटवाघळं, शिरली म्हणून धूर करू नका. रात्री त्या उडते किडे टिपतात. शिवाय आत पिलं असली तर तिथंच मरतात, मग वास घरच्यांनीच सोसायचा! पिलं उडती झाल्यावर, तिन्हीसांजेला सगळ्या बाहेर पडल्या की फट बुजवा. त्याआधी भिंतीवर १२ फुटांवर खालून उघडी, आत पाऊण इंच जागेची, खरबरीत फळ्यांची पेटी ठोका. त्यात येतीलच असं नाही, पण खर्च दोन फळ्यांचा.

खाली पडलेल्या पाकोळीला पोरांना हात लावू देऊ नका. चावली किंवा ओरखडलं तर हळद-चुना नको. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा. दात बारीक असतात, खूण दिसली नाही तरी जा.