एडवर्ड कोक : राजाचा वकील, कायद्याचा वकील



आज मला इंग्लंडचे सर एडवर्ड कोक यांच्याविषयी बोलायचे आहे. राजासमोर न झुकलेला न्यायाधीश म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांचे चरित्र तिथून सुरू केले, तर त्यांच्यात झालेला बदल आपल्या हाती लागत नाही.

१६०३ साली विंचेस्टरला सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी बाजू मांडणारे अ‍ॅटर्नी जनरल होते कोक. सारी भिस्त त्याच कटातले आरोपी लॉर्ड कोबम यांच्या लेखी जबाबावर होती. कोबमला माझ्यासमोर उभे करा, असे रॅले परोपरीने विनवत राहिले. न्यायालयाने ते मानले नाही. कोक मात्र आरोपीवर भर कोर्टात अपशब्दांचा भडिमार करत होते. हा वृत्तान्त वाचताना मला आपल्या वकिली व्यवसायाची लाज वाटते.

पुढे १६०६ मध्ये ते न्यायासनावर बसले. निवाडा मी स्वतः का करू नये, असे राजे जेम्स यांनी विचारले, तेव्हा कोक यांनी सांगितले की, उपजत बुद्धी कितीही असली तरी कायदा दीर्घ अभ्यासानेच कळतो. १६१६ साली राजाने सगळ्या न्यायाधीशांना बोलावून घेतले. राजाचा हितसंबंध असलेला खटला त्याच्या हुकमावरून थांबवाल का, हा प्रश्न होता. बाकीच्यांनी होकार दिला. न्यायाधीशाला जे शोभेल ते मी करीन, एवढेच कोक म्हणाले. त्याच वर्षी त्यांचे पद गेले.

यापेक्षाही मला मोठा वाटतो तो १६२८ चा प्रसंग. जेम्स यांच्यानंतर गादीवर आलेले राजे चार्ल्स यांना सक्तीचे कर्ज द्यायला नकार देणारे पाच नाइट आदल्या वर्षी तुरुंगात गेले होते. अटकेचे कारण काय, तर राजाची आज्ञा! न्यायालयाने जामीनही दिला नाही. आता हाउस ऑफ कॉमन्सचे सदस्य असलेले, पंच्याहत्तरी ओलांडलेले कोक सभागृहात उभे राहिले. कारण न देता कोणालाही कोंडता येणार नाही, असे ते मांडू लागले, तेव्हा विरोधकांनी त्यांचाच जुना निर्णय पुढे केला. न्यायाधीश असताना त्यांनी नेमके उलटे मत दिले होते. कोक यांनी शब्दच्छल केला नाही. त्या वेळी चुकीच्या आधारावर विसंबलो, नंतर अधिक अभ्यास केला, अशी कबुली त्यांनी सभागृहात दिली. त्याच अधिवेशनात, कारणाशिवाय अटकेला विरोध करणाऱ्या ‘पिटिशन ऑफ राइट’ला राजाला संमती द्यावी लागली.

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार अटकेची कारणे सांगणे बंधनकारक आहे. तरुण वकील मित्रांनो, रिमांडच्या वेळी तुम्ही अशिलासाठी ती कारणे मागता, तेव्हा याच जुन्या लढ्यातला युक्तिवाद करत असता. त्या युक्तिवादाचा आवाज दबू देऊ नका.

शेवटी पुन्हा कोक यांच्याकडे वळतो. १६३४ साली कोक मृत्युशय्येवर असताना राजाच्या माणसांनी त्यांची कागदपत्रे जप्त केली. पुढे संसदेने ती परत मिळवली आणि ‘इन्स्टिट्यूट्स’ या त्यांच्या ग्रंथाचे उरलेले भाग १६४० च्या दशकात छापून घेतले.