सुप्याची आठवण आणि आजचा पंचनामा

(इंदापूर येथे शेतकरी व ग्रामविकास कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपण ज्या भूमीवर जमलो आहोत, तिला महसुलाच्या इतिहासात वेगळे स्थान आहे. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी शेतवार मोजणी आणि आकारणीची पद्धत प्रथम याच इंदापूर तालुक्यात राबविली. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, प्रत ठरली, सारा ठरला. १८६७ मध्ये फेरआकारणी होऊन सारा वाढला. पीक बुडाले तरी तो रोखीनेच भरावा लागे. म्हणून शेतकरी सावकाराच्या दारी जाई. या कोंडीचा स्फोट १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे गावी झाला. सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले गेले. त्यानंतर १८७९ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्याला दिलासा देणारा कायदा आला. १८८४ मध्ये तगाईचाही कायदा झाला.

हे आज का सांगायचे? कारण संकटानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत शेतकऱ्याच्या हाती पैसा नसेल, तर तो पुन्हा त्याच दाराशी जातो.

ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत कऱ्हा आणि नीरेकाठची शेती पाण्याखाली गेली. राज्य शासनाने तेव्हा दहा हजार कोटी रुपयांची मदत घोषित केली. जिरायत व बागायत पिकांना हेक्टरी १०,००० आणि फळपिकांना हेक्टरी २५,००० रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. पुढे मे २०२५ मध्ये पावसाळ्यापूर्वीच या दोन्ही तालुक्यांना पावसाने झोडपले. बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला.

२०२२ नंतरच्या केंद्रीय निकषांत फळबागेला हेक्टरी २२,५०० रुपयांचा दर होता. म्हणजे गुंठ्याला साधारण सव्वादोनशे रुपये. डाळिंबाची बाग उभी करणाऱ्याने या रकमेचे मोल स्वतःच करावे. ही नुकसानभरपाई नाही. पुढच्या पेरणीपर्यंत तग धरण्यासाठी दिलेला हात आहे. तो हात वेळेवर आला तरच उपयोगी.

मदतीचा मार्ग पंचनाम्यातून जातो. तलाठी, कृषी साहाय्यक आणि ग्रामसेवक बांधावर येतात. नुकसान तेहतीस टक्के वा त्याहून अधिक असेल तरच नाव यादीत चढते. पुढे विशिष्ट क्रमांक, आधार प्रमाणीकरण, मग बँक खाते. यात कोण अडखळतो? सामाईक खात्यातला धाकटा भाऊ, कारण संमतीपत्रावर सह्या होत नाहीत. ज्याच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत तो वृद्ध. वारसनोंद रखडलेली विधवा भगिनी. आणि सातबारावर नाव नसलेला वाटेकरी, ज्याचे बियाणे आणि श्रम दोन्ही वाहून गेले.

शासनाने दर वाढवावेत, ही मागणी आपण करूच. पण भावाच्या संमतीपत्रावर सही करायला कोणत्या शासननिर्णयाची वाट पाहायची? वाटेकऱ्याला त्याचा वाटा द्यायला कोणता कायदा आडवा येतो? प्रत्येक गावात चार तरुणांनी पंचनाम्याच्या वेळी बांधावर उभे राहावे, प्रसिद्ध झालेली यादी चावडीवर मोठ्याने वाचावी, वृद्धांना सेवा केंद्रापर्यंत न्यावे. मदतीची रक्कम बँकेने कर्जात वळती केली, तर शासनाची तशी मनाई असल्याचे व्यवस्थापकाला नम्रपणे दाखवून द्यावे.

सारा वसूल करण्यासाठी ज्या इंदापुरात प्रत्येक शेत मोजले गेले, तेथे मदत देतानाही एकही शेत मोजायचे राहू नये, एवढी जागरूकता आपण ठेवू या.