आज्ञा, प्रेम आणि धर्म



वडोदरा नगरीचे वाल्मीकिरामायणावर मोठे उपकार आहेत. येथील प्राच्यविद्यामंदिराने नाना लिप्यांतील हस्तलिखिते पडताळून रामायणाची चिकित्सित आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. त्यांपैकी अयोध्याकांड डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादिले. ते १९६२ साली प्रसिद्ध झाले. त्याच कांडातील एक प्रसंग आज चिंतनास घ्यावयाचा आहे.

अभिषेकाचा दिवस वनगमनाचा ठरला. श्रीराम सीतेच्या महाली आले आणि त्यांनी तिला आज्ञा केली की, तिने अयोध्येत राहावे, वडीलधाऱ्यांची सेवा करावी व भरताला अप्रिय होईल असे वागू नये. सीतेने ती आज्ञा मानली नाही. आपण पुढे होऊन वाटेवरचे काटे तुडवीत जाऊ, असे ती म्हणाली. रामांनी अरण्यातील हाल वर्णिले, तरी ती ढळली नाही. शेवटी, आपल्या पित्याने पुरुषरूपातील स्त्रीला जावई केले की काय, असेही ती बोलून गेली.

पतीला, त्यातून राजपुत्राला, हे शब्द किती झोंबावेत! परंतु राम रागावले नाहीत. त्यांनी तिला जवळ घेतले. तिच्या दुःखाच्या मोलाने स्वर्गही आपणास नको. तिचे मन पुरते जाणले नव्हते, म्हणूनच तिला मागे ठेवीत होतो, असे त्यांनी सांगितले. मात्र पित्याची आज्ञा मोडून जगणे आपणास शक्य नाही, हेही त्यांनी त्याच वेळी स्पष्ट केले.

येथेच मर्म आहे. त्या दिवशी रामांपुढे दोन आज्ञा होत्या. एक पित्याची, ती धर्माची होती. दुसरी त्यांची स्वतःची. ती काळजीपोटी केलेली होती. पहिली त्यांनी रेसभरही ढळू दिली नाही. दुसरी प्रेमाने मागे घेतली. सीतेनेही त्यांना वनात जाऊ नका असे म्हटले नाही. तिने पतीची आज्ञा मोडली, पतीचे व्रत मोडले नाही.

मग प्रियजनांनी केलेला आज्ञाभंग नेहमीच क्षम्य मानावा काय? उत्तरकांड याचे उत्तर देते. कालपुरुषाशी एकांत चालू असता जो आत येईल तो वधास पात्र होईल, असे वचन रामांनी दिले होते. द्वारी लक्ष्मण होता. दुर्वास ऋषी शापास उद्युक्त झाले, तेव्हा सर्वांच्या नाशापेक्षा एकट्याचे मरण बरे, असे मानून तो आत गेला. त्याचा हेतू निर्मळ होता. तरीही दिलेला शब्द खोटा करता येईना. साधूंच्या बाबतीत त्याग हा वधासमानच मानून रामांनी प्राणप्रिय बंधूचा त्याग केला आणि लक्ष्मण शरयूतीरी गेला. त्यानंतर रामही फार काळ या लोकी राहिले नाहीत.

घराचा कर्ता असो, संस्थेचा चालक असो वा राज्याचा स्वामी असो, आपल्या माणसाने आज्ञा मोडली की त्याने प्रथम स्वतःलाच विचारावे, ‘हा धर्म मोडला, की केवळ माझे मत मोडले?’ मत मोडले असेल, तर ते मागे घेण्यात उणेपणा नाही. धर्म मोडला असेल, तर न्याय करावा. पण तो करताना रामांसारखे आपलेही काळीज तुटावे. हा विवेक ज्याच्यापाशी आहे, त्याच्याच हाती आज्ञेचा अधिकार शोभतो.

श्रीरामार्पणमस्तु.