रिंगणाचा घोडा आणि रस्त्यावरचा घोडा
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)

ज्येष्ठ महाराज मंडळी, विणेकरी, टाळकरी, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या माउली आणि ग्रामस्थहो,

दिंडीला शंभर वर्षं झाली. दिंडीचा इतिहास सांगणारे जाणकार इथं बसलेत. आम्ही चौथी शिकलेला शेतकरी माणूस. दहा मिनिटं मिळाली आहेत, त्यात आम्ही घोड्याबद्दल बोलणार.

रिंगण आपण सगळ्यांनी पाहिलंय. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण लागतं. अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी. त्या मोकळ्या पाठीवर माउली बसलेत हा आपला भाव. अश्व धावून गेले की टापेखालची माती घ्यायला झुंबड उडते. ती आपण कपाळी लावतो, पुडीत बांधून घरी नेतो.

आता विचारतो ते ऐका. लग्नसराई सरली की वरातीचं एखादं लंगडं घोडं गावाबाहेर सोडलेलं दिसतं. बरगड्या मोजून घ्याव्यात. उकिरड्यात तोंड घालतंय, प्लास्टिक चघळतंय. आपण गाडीवरून बाजूनं निघून जातो. त्याच्या टापेखाली माती नसते काय?

आपल्या दिंडीनं आजवर अशी पाच घोडी सांभाळली. चार उभी राहिली, एक गेलं. त्यातनं जे कळलं ते सांगतो, म्हंजे उद्या तुमच्या शिवारात असं जनावर दिसलं तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, जनावर गुपचूप घरी न्यायचं नाही. पोलीस पाटलाला सांगायचं, ठाण्यात कळवायचं, जनावरांच्या डॉक्टरला बोलवायचं. १९६० च्या कायद्यानं जनावर असं उपाशी वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे. कागद झाला की मालक उद्या भांडायला येत नाही.

दुसरी गोष्ट, त्याला आपल्या गाई-बैलांपासून आणि दुसऱ्या घोड्यांपासून लांब बांधायचं. डॉक्टरकडून रक्त तपासून घ्यायचं. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्याला होतो आणि तो माणसालाही लागतो. धनुर्वाताची सुई लगेच द्यायची, कारण घोड्याला धनुर्वात लवकर धरतो.

तिसरी गोष्ट लई महत्त्वाची. उपाशी घोडं बघून आयाबायांना माया येते. कोणी भाकरी आणतं, कोणी हरभऱ्याची चंदी, कोणी गूळ. ही माया त्याचा जीव घेते. घोडा बैलासारखा रवंथ करत नाही आणि त्याला उलटीही होत नाही. उपाशी पोटात एकदम दाणा गेला की पोटशूळ उठतो, नाहीतर खूर सुजतात. सुरुवातीचे दिवस वाळलेला लसूणघास, तोही मूठ-मूठ, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. पाणी स्वच्छ आणि सावली. चंदी डॉक्टर सांगतील तेव्हाच. आपल्या पोरांनी या रात्री पाळीनं काढल्या. हरिजागराची सवय इथं कामाला आली.

मग खुरांचं. वाढलेली खुरं एका दिवसात सरळ होत नाहीत. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद लागतो आणि नवं खूर वरून खाली उतरायला वरीस जातं. दाढांना धार आली तर घास चावता येत नाही, ती डॉक्टरकडून घासून घ्यावी लागते. जे घोडं गेलं त्याच्या दाढाच उरल्या नव्हत्या. डॉक्टरांनी शर्थ केली. पहाटे त्यानं मान टाकली तेव्हा चार टाळकरी जवळ बसलेले होते. एकटं नाही गेलं, एवढंच समाधान.

मारलेलं घोडं माणसाला भितं. समोरून थेट जायचं नाही, मागून तर नाहीच. खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जायचं. आम्ही हरिपाठ म्हणत खरारा करायचो. महिन्याभरानं एक घोडी आवाज ओळखून मान वळवायला लागली.

ती घोडी अंगानं भरली, चकाकायला लागली, तेव्हा वराती करणारा एक माणूस पैसे घेऊन आला. दिंडीला त्या साली ट्रकच्या भाड्याची ओढ होती. बैठक बसली. दोघंतिघं म्हणाले, देऊन टाका. बाकीच्यांनी विचारलं, मग वाचवली कशाला? पैसे परत गेले. भाडं आम्ही घरटी वर्गणी काढून भरलं.

घोडं देताना आपण चार अटी लिहून घेतो. वरातीला जुंपायचं नाही. विकायचं नाही. एकटं ठेवायचं नाही, सोबतीला दुसरं घोडं पाहिजे, कारण ते कळपाचं जनावर आहे. सांभाळणं जमेना झालं तर आपल्याकडं परत आणायचं. दर तिमाहीला आपला माणूस न सांगता जाऊन बघून येतो. चारही घोडी आज चांगल्या दावणीला आहेत.

मंडळी, रिंगणाच्या अश्वाला हात लागावा म्हणून आपण गर्दीत धडपडतो. रस्त्यावरच्या घोड्याजवळ गर्दी नसते. तिथं हात सहज पोचतो. पुढल्या लग्नसराईनंतर शिवारात नजर ठेवा, दिसलं की दिंडीला निरोप द्या. लसूणघासाचा एक वाफा आम्ही राखून ठेवलाय.

राम कृष्ण हरी.