भाड्यातून हप्ता फिटेल का?

तायांनो, तालुक्याला खोली घेऊन भाड्याने द्यावी का, असं बऱ्याच जणी विचारतात. आधी हिशोब मांडू. खोली धरा 8 लाखांची, बँकेचं कर्ज 6 लाख, व्याज 9 टक्के. पहिल्या वर्षी नुसतं व्याजच 54,000 च्या आसपास. भाडं महिना 3,000, म्हणजे वर्षाचे 36,000. मग वरचे पैसे आणि मुद्दल कुठून? खोली रिकामी राहिली तर? उरलेले 2 लाख गटातून काढू म्हणता. पण महिना 2 टक्के म्हणजे वर्षाला 24 की गं! तेवढी शिल्लक जमेपर्यंत थांबा, असं मी म्हणेन.

घेणारच असाल तर खरेदीखत फक्त स्वतःच्या नावावर करा. महाराष्ट्रात घरखरेदीत बाईला मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे, म्हणजे इथे 8,000 वाचतात. भाडेकरू ओळखीचा असला तरी करार नोंदवूनच चावी द्या.